अडचण कुणाची, ते आधी विचार

अगं पोरी,

शेतकरी कंपनीची अध्यक्ष झालीस, गावानं हार घातले, फेटा बांधला. फार बरं वाटलं. त्यानंतर तू मला विचारलंस, "आत्या, हे सगळं मी नक्की कशासाठी करायचं? ते माणसाला कसं कळतं?" फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

मी महिला दूध संस्था सांभाळली, पुढे पतसंस्थेचं काम पाहिलं. आमच्या आधीच्या मोठ्या माणसांची कामंही जवळून वाचली, ऐकली. त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. आयुष्याचा हेतू आधी ठरवून मग कामाला लागलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. कुणाची तरी एक अडचण या माणसांनी आपली मानली, ती सोडवायला बसली, आणि काम वाढत गेलं तसा हेतू त्यांचा त्यांना उमगत गेला. म्हणून तू हेतू शोधत बसू नकोस. अडचण शोध. पुढचे सगळे कानमंत्र त्याच एका गोष्टीतून निघालेत.

1. अडचण बारीक करून विचार

"शेतकऱ्यांचं भलं करायचं" असं भाषणात म्हण, पण वहीत लिहू नकोस. भलं मोजता येत नाही. कुणाची अडचण, कोणती, वर्षातल्या कोणत्या महिन्यात, हे लिही.

मुंबईच्या गिरणगावात घरोघरी खाणावळी चालवणाऱ्या बायका होत्या. कोकणातून, साताऱ्याकडून आलेल्या गिरणी कामगारांना त्या जेवण घालायच्या. कामगार पगार झाला की महिन्याचे पैसे द्यायचा. पण वाण्याचा माल रोज लागायचा, म्हणून ही बाई उधारीत आणि सावकाराच्या व्याजात अडकायची. गोवा मुक्ती लढ्यात काम केलेल्या प्रेमाताई पुरव यांनी ही नेमकी गाठ ओळखली. बाईला स्वयंपाक शिकवायची गरज नव्हती, धंदा शिकवायचीही नव्हती. पगाराच्या तारखेपर्यंत लागणारं भांडवल तिच्याकडे नव्हतं, एवढंच. 1975 साली त्यांनी या बायकांना एकत्र आणून राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. अडचण बरोबर ओळखली म्हणून उपाय साधा निघाला.

म्हसवडला चेतना सिन्हांकडे एक लोहारकाम करणारी बाई आली. पावसाळ्यात पालावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी तिला रोजच्या कमाईतून थोडे थोडे पैसे साठवायचे होते. एवढ्याशा रकमेचं खातं उघडायला बँका तयार नव्हत्या. ती कर्ज मागत नव्हती. स्वतःचेच पैसे सुरक्षित ठेवायला जागा मागत होती. माणदेशी महिला बँकेची सुरुवात त्या मागणीत आहे.

तुझे सभासद हळद पिकवतात. दहा घरी जा आणि एकच विचार: "मागच्या वेळी पडेल भावात माल का विकला?" कुणी म्हणेल शिजवायला कुकर वेळेवर मिळाला नाही, कुणी म्हणेल सोसायटीचं कर्ज भरायचं होतं, कुणी म्हणेल ठेवायला जागा नव्हती. जे कारण सगळ्यात जास्त वेळा येईल, ते कंपनीचं पहिलं काम. बाकीची कामं चांगली असली तरी रांगेत मागे उभी कर.

2. सेवा आणि धंदा एकाच वहीत मांड

तुला दोन तऱ्हेची माणसं भेटतील. एक म्हणतील, नफा कशाला बघता, समाजाचं काम आहे. दुसरे म्हणतील, धंदा म्हणजे धंदा, त्यात समाज आणू नका. दोघांनाही नमस्कार कर आणि आपलं काम कर.

लिज्जत पापडाची गोष्ट तुला माहीत आहे, पण तिच्यातलं मर्म पुन्हा बघ. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. जसवंतीबेन पोपट त्या सातांतल्या एक. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनबाप्पा पारेख समाजसेवक होते, तरी त्यांनी या बायकांना दान घ्यायला शिकवलं नाही. हलक्या प्रतीचा स्वस्त पापड काढू नका, एकच प्रत ठेवा, हिशेब चोख ठेवा आणि हा धंदा धंद्यासारखा चालवा, असा त्यांचा आग्रह होता. पापड लाटणारी प्रत्येक बाई तिथं मालकीण असते. नफा तिचा, तोटाही तिचाच. धर्मादाय म्हणून चालवलं असतं तर ते काम देणगी आटेपर्यंत चाललं असतं.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या आयुष्यातही हेच दिसतं. ते किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून फिरले. शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन त्याच्याशी बोलायची सवय त्या फिरतीनं दिली, आणि त्याच शेतकऱ्याचं पोर शाळेपासून किती लांब आहे हेही तिथंच दिसलं. पुढे रयत शिक्षण संस्था चालवताना त्यांनी भर स्वावलंबनावर दिला. पोरांनी वसतिगृहात राबायचं आणि शिकायचं. कमवा आणि शिका ही नुसती योजना नव्हती. गरिबाच्या पोराला मान खाली घालावी लागू नये, याची ती तजवीज होती.

म्हणून तुझ्या कंपनीनं नफा कमवावा. तो कुठून आला आणि कुठं गेला हे मात्र बघ. सभासदाच्या मापात कमी करून आलेला नफा म्हणजे चोरी. चांगली पॉलिश, बरोबर प्रतवारी आणि थेट खरेदीदार मिळवून आलेला नफा म्हणजे कष्ट. पहिल्याची लाज वाटू दे, दुसऱ्याचा अभिमान बाळग. आणि अनुदान मिळालं तर त्यातून यंत्र घे, गोदाम बांध. पगार आणि रोजचा खर्च अनुदानावर टाकू नकोस. अनुदान थांबलं त्या महिन्यात कंपनी थांबते.

3. काटा सगळ्यांना दिसेल असा ठेव

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दूध संस्थेत बाईचा विश्वास कशावर असतो? फॅटवर. तिच्या म्हशीच्या दुधाला किती फॅट लागली ते तिच्या डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे आणि तिच्या कार्डावर तिथल्या तिथं उतरलं पाहिजे. आम्ही एक रीत पाडली होती. शंका आली तर कोणतीही सभासद आपलं दूध पुन्हा तपासायला लावू शकत असे, आणि त्याबद्दल तिला कुणी बोलायचं नाही. पहिले काही दिवस सारख्या तपासण्या झाल्या. नंतर कुणी मागेना, कारण हक्क आहे हे कळल्यावर संशय आपोआप गेला.

तुझ्याकडे वजनकाटा तसाच ठेव. आकडा शेतकऱ्याला दिसला पाहिजे. सोयाबीन घेतलंस तर ओलावा मोजायचं यंत्र त्याच्यासमोर लाव. पट्टीवर भाव, वजन, घट, हमाली, तोलाई सगळं वेगवेगळं लिही. "इतर" नावाची कपात पट्टीवर कधीही येऊ देऊ नकोस. माणसाचा पैसा त्या एका शब्दात मुरतो, आणि त्याच्यामागून विश्वासही.

पैशाचा दिवस ठरव आणि पाळ. लिज्जतमध्ये बाई लाटलेले पापड आणून देते आणि तिची लाटणावळ तिला लगेच मिळते. संध्याकाळची भाजी त्यावर येते. आमच्याकडे दुधाचं बिल दहा दिवसांनी व्हायचं आणि तो दिवस चुकू दिला नाही. पुढच्या दूध संघाकडून पैसे यायला उशीर झाला तरी चालेल असा राखीव पैसा आधी बाजूला काढून ठेवत असू. तूही पहिल्या वर्षापासून तेवढा राखीव निधी बाजूला काढ. व्यापारी दोन रुपये कमी देतो पण रोख देतो, म्हणून शेतकरी त्याच्याकडे जातो. व्यापाऱ्याला नावं ठेवू नकोस, त्याच्यासारखे पैसे वेळेवर दे.

आणखी चार गोष्टी. कोऱ्या चेकवर सही करायची नाही, कितीही विश्वासू माणूस असला तरी. ठराव आधी, खर्च नंतर. प्रोसिडिंग बुक त्याच बैठकीत लिहून पुरं करायचं. आणि वार्षिक सभेत ताळेबंद वाचून दाखवताना "मंजूर, मंजूर" असं ओरडून सभा उरकू द्यायची नाही. एक तरी प्रश्न आल्याशिवाय पुढचा विषय घेऊ नकोस. कुणी विचारत नसेल तर तूच एखाद्या म्हाताऱ्या सभासदाला म्हण, "काका, तुम्हाला यातलं काय कळलं नाही ते सांगा."

4. लोक नाही म्हणाले तर त्यांच्या शेतात जा

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमिनीत विष भिनेल. पहिली विक्री व्हायलाच दोन वर्षं गेली. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी म्हटलं नाही. नांगराचं काम डोळ्यांनी दिसल्याशिवाय विश्वास बसणार नाही, हे त्यांनी ओळखलं.   

वरच्या कार्यालयानं नाही म्हटलं तरी हीच वृत्ती ठेव. माणदेशीच्या बायकांचा बँकेचा अर्ज रिझर्व्ह बँकेनं पहिल्यांदा नाकारला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या. त्या रडत बसल्या नाहीत. दिवसभराचं काम उरकून अक्षरं गिरवायला बसल्या. पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या की व्याजाचं गणित घाला, आम्ही तोंडी करून दाखवतो. 1997 साली परवाना मिळाला. नकारात कारण दिलेलं असतं. ते नीट वाच, तेवढी उणीव भरून काढ आणि पुन्हा दारात उभी राहा.

5. आपल्याला येत नाही ते ज्याला येतं त्याला मानानं बोलाव

लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील फारसे शिकलेले नव्हते. पण आपण कुठं कमी पडतो हे त्यांना स्वच्छ ठाऊक होतं. सहकारी साखर कारखाना उभा करायचा म्हटल्यावर त्यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांना गाठलं आणि कारखान्याचं अध्यक्षपद त्यांच्याकडे दिलं. स्वतः मात्र गावोगाव फिरून शेअर्स गोळा करत राहिले. शेतकऱ्याला शेअर घ्यायला तयार करणं गाडगीळांना जमलं नसतं, आणि सरकारशी, बँकांशी योजनेचं बोलणं विठ्ठलरावांना एकट्यानं जमलं नसतं. 1950 साली प्रवरेचा कारखाना सुरू झाला आणि महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची वाट तिथून मोकळी झाली.

तुझ्या कंपनीत सीए असेल, बाजाराचा अंदाज असणारा असेल, शेतीशास्त्र शिकलेला असेल. त्यांना हाताखालची माणसं समजू नकोस. त्यांचं ऐक, सभेत त्यांचं नाव घेऊन श्रेय दे. मात्र कोणताही कागद "साहेबांनी सांगितलं" म्हणून मंजूर करू नकोस. तुला समजेपर्यंत समजावून सांगायला लाव. जे तुला समजलं नाही ते सभासदाला तू काय समजावणार?

6. नियम आधी आपल्या घराला लाव

हिवरे बाजारला पोपटराव पवार 1989 साली सरपंच झाले. गावात पाणी नव्हतं, माणसं बाहेर चालली होती. बांधबंदिस्ती, झाडं, श्रमदान तर झालंच, पण त्या गावाचं खरं धाडस पाणी आल्यानंतर दिसलं. शेतीसाठी बोअर मारायचं नाही, उसासारखी जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून कोणतं पीक घ्यायचं ते गावानं ठरवायचं. पाणी नसताना संयम ठेवणं सोपं असतं. विहीर भरलेली असताना ऊस न लावणं कठीण. हा नियम पुढाऱ्यांच्या शेताला वेगळा आणि गावाला वेगळा असता, तर एका हंगामात मोडला असता.

पतसंस्थेत कर्ज बुडतं ते बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाचं. कुणाचा मेहुणा, कुणाचा मतदार, कुणाचा जामीनदार. म्हणून कंपनीच्या पहिल्याच वर्षात लेखी ठराव करून घे: संचालकांच्या घरचा माल त्याच रांगेत, त्याच काट्यावर, त्याच भावानं. संचालकांच्या नातेवाइकाला कंत्राट नाही. तुझा सख्खा भाऊ आला तरी, आणि तो माझाही भाचाच आहे, त्याला मीच सांगेन. शेतकरी कंपनीच्या कायद्यात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. ती समता तुझ्या वागण्यातही दिसू दे.

7. वाईट वर्षी कुठं उभी राहतेस, ते लोक लक्षात ठेवतात

चांगल्या वर्षात सगळेच अध्यक्ष चांगले असतात. 2012 च्या दुष्काळात माण तालुक्यात बायका जनावरं विकायच्या बेतात होत्या. माणदेशीनं म्हसवडला चारा छावणी उघडली आणि हजारो जनावरं तिथं जगली. बँकेच्या दृष्टीनंही ते शहाणपण होतं, कारण जनावर विकलं की बाईचं उत्पन्न गेलं आणि मग ठेव कुठली, हप्ता कुठला? सेवा आणि धंदा एकाच वहीत कसे बसतात, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हळदीचा भाव पडला, पाऊस लांबला, तर त्या आठवड्यात कार्यालयात बसू नकोस. घरोघर जा. भाव वाढवून देता येणार नाही, पण किती दिवस थांबावं लागेल, गोदामात माल ठेवून तारण कर्ज मिळेल का, हे खरं खरं सांग. खोटा दिलासा देऊ नकोस. "मला अजून माहिती नाही, परवा सांगते" असं म्हण आणि परवा नक्की सांग.

8. घरच्यांचं ऋण हिशेबात धर

भाऊरावांच्या वसतिगृहातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. रयत संस्थेचा इतिहास सांगताना त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांच्या त्यागापुढे मी हात जोडते. पण तुला सांगते, आपल्या कामाची किंमत घरच्यांनी न विचारता मोजावी, असं गृहीत धरू नकोस. सासूबाई पोरांकडे बघतात, नवरा जनावरांचं करतो, म्हणून तू सभेला जातेस. कोणत्या गोष्टीला घरचा पैसा लागणार, किती वेळ जाणार, ते आधी बोलून ठरव. बाई पुढारी झाली की घरानं सोसायचं आणि पुरुष झाला की घरानं गौरवायचं, ही रीत आपल्या पिढीनं बदलायला हवी.

9. दुसरी फळी पहिल्या दिवसापासून तयार कर

1919 साली काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. भाऊराव 1959 साली गेले. संस्था आजही गावोगाव पोरं शिकवते आहे, कारण त्यांनी शिकवलेलीच माणसं पुढे शिक्षक, मुख्याध्यापक, कार्यकर्ते होऊन तिला सांभाळत राहिली. नेत्याचं मोठेपण मला इथं दिसतं. तो नसताना सोमवारचं काम सोमवारीच होतं.

बँकेत, बाजार समितीत, खरेदीदाराकडे कधी एकटी जाऊ नकोस. दर वेळी एखादी नवी संचालिका किंवा तरुण सभासद सोबत घे, आणि परत येताना तिला विचार, "तू असतीस तर काय बोलली असतीस?" सभेत निवेदन एकदा तू कर, एकदा तिला करू दे. खुर्ची सोडायचा दिवस आताच मनात धरून ठेव. तो माहीत असला की खुर्चीवर बसलेलं असताना चांगलं वागता येतं.

तर आता कामाला लाग. या आठवड्यात तीन गोष्टी कर: दहा घरं फिरून तो प्रश्न विचार, काटा बाहेर सगळ्यांना दिसेल असा मांड आणि बिलाचा दिवस ठरवून फळ्यावर लिही. सहा महिन्यांनी कुणी तुला "कशासाठी करतेस?" असं विचारलं, तर तुला मोठं वाक्य शोधावं लागणार नाही. अमक्याची हळद यंदा पडेल भावात गेली नाही, तमकीला पैसे वेळेवर मिळाले, असं नावानिशी सांगता येईल. तेवढं सांगता आलं की तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला मिळालं असं समज.

तुझी,
आत्या